राखून ठेवलेलं कडवं

आमच्या घरी चांगली ढोलकी आहे. भावाने पहिल्या पगारातून आणलेली. पण अण्णा भजनाला बसले की स्वयंपाकघरातला तेलाचा रिकामा डबाच ओढतात. फौजेत असताना, लढाईच्या दिवसांत, डोंगरावरच्या पोस्टवर ते रॉकेलच्या डब्यावर ठेका धरायचे. तेव्हापासून त्यांचा हात दुसऱ्या कशावर बसत नाही. नेरूळच्या आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावरच्या काकू यावरून कुरकुर करतात. मी अण्णांची बाजू घेऊन त्यांच्याशी भांडते आणि वर येऊन अण्णांशीही भांडते.

अण्णांचा एक आवडता अभंग आहे. तो ते दरवेळी शेवटचं कडवं सोडून थांबवतात. गणपतीत लोक चिडवायचे, "काका, विसरलात वाटतं!" अण्णा नुसते हसायचे. ते विसरतात असंच आम्हीही धरून चाललो होतो.

भाऊही फौजेतच आहे. मध्यंतरी सीमेवर गोळीबार सुरू झाला आणि सुट्टीवर आलेल्या त्याला तडकाफडकी बोलावणं आलं. आई बॅगेत चकल्या कोंबत होती, मी चेन लावताना रडत होते. अण्णा त्याला 'सांभाळून जा' एवढंसुद्धा म्हणाले नाहीत. डबा ओढून भजन म्हणायला बसले. नेहमीचा अभंग नाही, भावाच्या आवडीचं दुसरंच भजन. तेही शेवटच्या कडव्याशी आल्यावर थांबवलं. भाऊ पाया पडला आणि निघाला.

दार लागलं तशी आई उसळली. "अहो, पोर लढाईवर निघालं आणि भजन अर्धं ठेवता? अपशकुन कशाला?" असं म्हणत तिने स्वतःच ते कडवं सुरू केलं.

अण्णांनी डब्यावर हात आपटला. "गप! त्याचं हाय ते!"

आईवर त्यांनी असा आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. मग त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. हळूहळू बोलले. पोस्टवरून कुणी गस्तीला निघालं की भजन व्हायचं, पण शेवटचं कडवं राखून ठेवायचे. गेलेले परत आले की सगळे मिळून ते पुरं करायचे.

"जपून जा म्हणाया तिथं जीभ वळत न्हाई गं. पण जाणाऱ्याला ठाऊक असतं, आपलं कडवं मागं हाय. ते म्हणाया यायचं हाय."

"सगळे यायचे परत?" मी विचारलं. अण्णा उठून गॅलरीत गेले.

पुढचे दिवस फार वाईट गेले. भावाचा फोन बंद. अण्णा एपीएमसी मार्केटात सिक्युरिटीच्या नोकरीवर जायचे आणि घरी येऊन टीव्ही बंद करायचे. पोळ्या लाटताना आई तेच भजन गुणगुणायची आणि कडव्यापाशी आली की ओठ घट्ट मिटायची. मला भीती वाटत होती, सरळ सांगायचं तर फक्त भीती.

एका दुपारी फोन वाजला. भाऊ ओरडत होता, "अण्णा, पोस्टवरून खाली आलो! सगळे आलो! घ्या, चालू करा!"

तिकडे त्याच्या सोबत्यांनी ताटं बडवायला सुरुवात केली होती. अण्णांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला होता, म्हणून डब्यावर ठेका मीच धरला. आईने सूर लावला. रेंज जात होती, तिकडचं ताट आमच्या मागे पडत होतं, मी तर साफ बेताल. कडवं कसंबसं पुरं झालं. खालच्या काकू वर आल्या, आमचे चेहरे बघून दारातच टाळ्या वाजवायला लागल्या.

आईला आनंद आवरत नव्हता. डोळे पुसत ती अण्णांना म्हणाली, "आता तो तुमचा जुना अभंगही पुरा करून टाका. तुमची लढाई संपून किती वर्षं झाली!"

अण्णांनी डबा उचलून ओट्याखाली सरकवला.

"ते कडवं ज्याचं हाय, तो कुठं आलाय अजून?" ते म्हणाले.