पेपर झाले की

काल बेसिनचा नळ अगदी हलका सोडला, तर पाण्याची धार काचेच्या कांडीसारखी स्थिर दिसली आणि मला सुनंदा आठवली.

पॉलिटेक्निकच्या आमच्या वर्गात आम्ही दोघीच मुली. फ्लुइड मेकॅनिक्स, म्हणजे द्रवांच्या प्रवाहाचा विषय, माझ्या डोक्यावरून जायचा. एकदा प्रयोगशाळेत तिनं काचेच्या लांब नळीतून पाणी सोडलं आणि त्यात मधोमध जांभळा रंग. आखल्यासारखी सरळ रेघ गेली. मग तिनं नळीचा कॉक थोडा थोडा उघडला. रेघ थरथरली आणि बघता बघता सगळी नळी जांभळी झाली.

"पुस्तक मिट आणि नुसतं बघ," ती म्हणाली. त्या दिवशी तो विषय मला पहिल्यांदा कळला.

परीक्षेच्या आठवडाभर आधी तिनं मला जिन्यात थांबवलं. "घरी लग्न ठरवलंय माझं. कॉलेज बंद म्हणतायत. तू येऊन बाबांशी बोलशील? तुझं ऐकतील ते."

"पेपर झाले की नक्की येते गं," मी म्हणाले.

"बरं," एवढंच म्हणून ती खाली उतरून गेली. तिनं हट्ट धरला असता तर मी गेले असते, असं इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नसावं.

पेपरला माझ्या पुढचं तिचं बाक रिकामं होतं. पहिलाच प्रश्न त्या प्रयोगावर आला होता. तिनं दाखवलं तसं सगळं मी लिहिलं, एकदाही न अडखळता.

निकाल लागला तेव्हा तिचं लग्न होऊन गेलं होतं. त्या विषयात मी वर्गात पहिली आले होते.