सहीखालची दोन टिंबं

आमच्या घरात माणसं तीन आणि गाडीला सीटा दोन. आमच्या ह्यांचा सगळा स्वभाव एवढ्यातच आला. मुलगी दोन वर्षांची होती, घरात कपडे ठेवायला धड कपाट नव्हतं, आणि हा शहाणा माणूस स्पोर्ट्स कार घेऊन आला. तीही चालणारी नव्हे. कुणाच्या तरी गोदामात पंधरा वर्षं पडून राहिलेली, पत्रा सडलेला, सीटखाली मांजरीने पिल्लं घातलेली. टेम्पोच्या मागे दोराने बांधून ओढत आणली. शेजारच्या बाईने मला विचारलं, "भंगाराचा धंदा सुरू केलात का?" मी म्हटलं, "हो, आणि पहिला माल घरातच ठेवून घेतलाय."

हे कारखान्यात टर्नर. लेथवर लोखंड कापायचं काम, केसाएवढा फरक राहिला तरी तुकडा बाद. त्याच नजरेने त्या गाडीच्या मागे लागले. जो भाग बाजारात मिळाला नाही तो सुट्टीच्या दिवशी साहेबांची परवानगी काढून लेथवर स्वतः केला. सहा वर्षं लागली. मग एका सकाळी घरामागच्या शेडमधून असा आवाज आला, की मी हातातलं काम टाकून धावत गेले. मलईच्या रंगाची, लांब नाकाची, तारांच्या चाकांची ती गाडी उभ्या जागी थरथरत होती आणि हे तिच्या शेजारी उभं राहून रडत होते. मुलगी झाली तेव्हा रडले नव्हते, हे मी त्यांना तिथल्या तिथे ऐकवलं.

लोक म्हणायचे, ती तुझी सवत आहे. सवत परवडली असती, निदान चार भांडी तरी घासली असती. दर रविवारी सकाळी हिची अंघोळ. चाकाची एकेक तार दात घासायच्या ब्रशने साफ करायची. घरात मऊ सुती कापड दिसलं की ते शेडमध्ये गेलंच म्हणून समजा. मुलीची झबली मी आठवण म्हणून जपून ठेवली होती, त्यातली दोन मला तेलाने माखलेली सापडली. त्यानंतर मी दोन दिवस बोलले नाही आणि ह्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

हात कायम काळे. त्यामुळे कागदपत्रांची कामं सगळी माझ्याकडे. शाळेचं प्रगतिपुस्तक, पार्सल, पाण्याच्या नळाचा अर्ज, जिथे ह्यांची सही लागेल तिथे मीच ठोकून द्यायची. "तू कर गं, माझे हात खराब आहेत." बँकेत तेवढे हात धुऊन स्वतः जायचे.

तीन वर्षांपूर्वी उजव्या हाताचा अंगठा हलायला लागला. मग हात. मग चमचा तोंडापर्यंत जाईना, शर्टाची बटणं लागेनात. डॉक्टर कंपवात म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या, गोळ्या वाढल्या, आणि एक दिवस मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, की गोळ्यांनी आता भागायचं नाही. डोक्यात बारीक तार घालायचं ऑपरेशन असतं. "अजून उपयोग होईल," ते म्हणाले, "वर्षभराने आलात तर मी हो म्हणणार नाही." पुढच्या महिन्याच्या सहा तारखेला जागा होती. त्याआधी पैसे भरायचे. ती तारीख गेली, तर पुढची कधी मिळेल ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

घरी आलो. विकण्यासारखं घरात दुसरं काय होतं? पण माझी जीभ रेटेना. शेवटी हेच म्हणाले, "गाडी काढू." आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मुलीने फोनवरून जाहिरात टाकली. चार-पाच जण फोटो काढून गेले, आणि मग आला दातांचा डॉक्टर. तरुण, नम्र. टॉर्च घेऊन गाडीखाली झोपला आणि दाढा तपासाव्यात तसा एकेक भाग तपासत गेला. बाहेर आला तेव्हा कपडे धुळीने भरलेले आणि चेहरा फुललेला. "काका, इतकी निगा राखलेली गाडी मी आजपर्यंत पाहिली नाही." ह्यांनी मागितलेल्या किमतीला घासाघीस न करता हो म्हणाला. अट एकच. शनिवारपर्यंत कागद त्याच्या नावावर व्हायला हवेत. तशीच दुसरी एक गाडी त्याने बघून ठेवली होती आणि तो मालक थांबायला तयार नव्हता.

आम्हाला वाटलं, सुटलो. कागद म्हणजे काय, एक सही.

सोमवारी वाहनांच्या ऑफिसात गेलो. हे बाकावर बसले, मी रांगेत. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज पाहिला, समोरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिलं आणि अर्ज परत सरकवला. "सही जुळत नाही." बुधवारी गेलो. "मावशी, ही तर सोमवारच्या सहीशीही जुळत नाही." मी आजार सांगितला, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, अंगठ्याचा ठसा चालतो, पण मग दाखले लागतात, घरी माणूस येऊन चौकशी करतो, फाइल वरच्या ऑफिसात जाते. दोन महिने धरा. आमच्याकडे तेव्हा सहा तारखेला अठरा दिवस होते आणि शनिवारला तीन.

म्हणजे बघा कशी गंमत. हात बरा व्हायला गाडी विकायला हवी, गाडी विकायला सही हवी आणि सही करायला हात हवा. आयुष्यात मी बऱ्याच गोष्टींना घाबरले असेन, पण त्या बुधवारी संध्याकाळी मला जी भीती वाटली तशी कधीच वाटली नव्हती.

गुरुवारी हे टेबलापाशी बसले ते उठलेच नाहीत. समोर बँकेच्या जुन्या पासबुकातली स्वतःची सही आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा. गोळी घेतल्यावर पाऊण तासाने हात जरा शांत व्हायचा, तेवढ्या वेळात भराभर सह्या करायच्या. डाव्या हाताने उजवं मनगट दाबून पाहिलं. मी मनगट धरून पाहिलं. पहिलं अक्षर उभं राही, दुसऱ्याला पेन जे सुटे ते कागदाच्या कडेपर्यंत. दुपारी त्यांनी पेन भिंतीवर फेकलं. "चाळीस वर्षं केसाएवढा फरक पडू दिला नाही मी," ते म्हणाले, "आणि आता माझं नाव मलाच येत नाही." मी पेन उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिलं. दया वगैरे दाखवायला वेळ नव्हता.

शुक्रवारी सकाळी चार अर्जांवर चार सह्या घेऊन गेलो. एक कोरा अर्जही पिशवीत होता. हे नेहमीच्या बाकावर बसले. कारकुनाने एकामागून एक चारही अर्ज परत सरकवले. मागची रांग कुरकुरायला लागली होती. मी खिडकीची कड धरली आणि म्हटलं, "अहो, जुळायला हवी ती सही कशी आहे, ते तरी एकदा दाखवा मला."

त्याने पडदा माझ्याकडे वळवला.

जुना, पिवळा पडलेला कागद. एकतीस वर्षांपूर्वीचा. खाली ह्यांचं नाव, आणि नावाखाली दोन टिंबं.

हे सहीखाली टिंबं देत नाहीत. कधीच दिली नाहीत. ती खोड माझी. शाळेत बाईंनी लावलेली, अजून सुटलेली नाही. आणि मग सगळं लख्ख आठवलं. ह्यांची सकाळची पाळी होती, ऑफिस दुपारी बंद व्हायचं, जुना मालक गाव सोडून निघाला होता. मुलीला कडेवर घेऊन मीच आले होते. ह्याच ऑफिसात. 'तू कर गं.' केली आणि विसरले. ह्यांच्या नावाच्या अशा किती सह्या मी केल्या, त्यातली एक कुठली लक्षात राहायला?

म्हणजे गुरुवारभर तो माणूस ज्या सहीसाठी झगडला, ती हात धडधाकट असता तरी जुळली नसती.

खरं सांगावं, तर जुने कागदच खोटे ठरणार. भिंतीला फळी होती, तिच्यावर दोरीला बांधलेलं पेन. ह्यांच्याकडे पाठ करून कोरा अर्ज भरला आणि सही केली. एका दमात, टिंबांसकट. परत खिडकीशी गेले. कारकुनाने अर्ज पाहिला, पडदा पाहिला आणि मग बराच वेळ मला पाहिलं. त्याने शिक्का उचलला. "आता जुळते," एवढंच म्हणाला.

बाकापाशी आले तर हे माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. "झाली?"

"झाली."

"कितवी?"

काय सांगणार? "चौथी."

"चौथी मलाही बरी वाटली होती," ते म्हणाले. असे हसले, की तीन वर्षांत मी तसं हसू पाहिलं नव्हतं. मला वाटलं, एक खोटं बोलले, पण माणूस हसला. राहू दे.

मूर्ख मी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची किंमत कळली.

दातांचा डॉक्टर अकराला पैसे घेऊन येणार होता. साडेदहाला मी शेडमध्ये गेले तर हे गाडीत बसलेले, दोन्ही हात स्टिअरिंगवर. तिथे हात ठेवले की त्यांची थरथर कमी व्हायची, ते मला माहीत होतं. म्हणाले, "त्याला परत पाठव."

"म्हणजे?"

"अगं, हात सुधारतोय. सरकारी माणसाने सही मान्य केली माझी. एका दिवसाच्या सरावाने एवढा फरक पडला, तर महिनाभरात काय होईल बघ. डोक्यात तारा घालून घ्यायच्या कशाला? आणि गाडी विकायची कशाला?"

मी वाद घातला. मोठे डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, मुलीला फोन लावू का विचारलं, ओरडले. हे शांतपणे समोरच्या काचेतून बघत होते. "चौथी जुळली ना?" प्रत्येक वेळी तेच. बाहेर फाटकाशी दातांचा डॉक्टर येऊन उभा राहिला. गप्प बसावं तर हा माणूस आनंदात आपला हात, आपली तारीख सगळं घालवून बसणार. बोलावं तर काल दिलेलं एवढंसं सुख माझ्याच हाताने काढून घ्यायचं.

दुसऱ्या बाजूचं दार उघडून मी आत बसले. गाडी सुरू झाल्यापासून ती माझीच सीट. गुडघे तिथे कायम टेकायचे, तसेच टेकले.

"चौथी जुळली नाही," मी म्हटलं. "एकही जुळली नाही. सही मी केली."

ते समोरच्या काचेतूनच बघत होते.

"आणि तिथली जुनीही माझीच आहे. तुम्ही पाळीला गेला होतात. तुमची कुठलीच सही कधी जुळणार नव्हती हो."

स्टिअरिंगवरचे हात त्यांनी काढून मांडीवर घेतले. उजवा लगेच हलायला लागला. त्यांनी तो झाकला नाही, बघत राहिले. मला वाटलं, आता माझं तोंड बघणार नाहीत. शेडमध्ये पेट्रोलचा आणि पॉलिशचा वास होता, आणि मला रडू येत होतं, आणि मी ते दाबत होते, कारण फाटकाशी परका माणूस होता.

मग म्हणाले, "म्हणजे एकतीस वर्षं मी तुझी गाडी पुसली."

"हो. आणि नीट पुसलीत."

त्यांनी चावी काढायचा प्रयत्न केला. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा निघाली ती माझ्या तळव्यावर ठेवली. "सही तुझी, तर चावीही तूच दे."

त्या बसक्या गाडीतून त्यांना बाहेर काढायला मी आणि डॉक्टर दोघं लागलो. उभे राहिल्यावर त्याला म्हणाले, "गार असताना चोक पूर्ण ओढायचा. सुरू झाली की लगेच सोडायचा नाही, तिला दम घेऊ द्यायचा." डॉक्टरने ते लिहून घेतलं. मी चावी दिली. ज्या गाडीला उभा जन्म शिव्या घातल्या, तिची चावी देताना माझी मूठ उघडेना. त्याला हात पुढे करून थांबावं लागलं. गाडी वळणापलीकडे गेली, आवाजही गेला, तरी हे रिकाम्या शेडकडे पाठ करून उभेच राहिले. त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही.

सहा तारखेला हॉस्पिटलात नर्सने अर्ज पुढे केला. आत काही बरंवाईट झालं तर आमची तक्रार नाही, असं लिहिलेलं. तिथे पेशंटची सही. ह्यांनी सवयीने कागद माझ्याकडे सरकवला. मी परत त्यांच्याकडे सरकवला.

"ही तुम्हीच करा. जशी येईल तशी."

"जुळणार नाही."

"इथे जुळवणारं कुणी नाही."

त्यांनी पेन धरलं. फार वेळ लागला. नर्सने एकदा घड्याळ पाहिलं, मी तिच्याकडे असं बघितलं की तिने पुन्हा पाहिलं नाही. अक्षर एकही ओळखू येत नव्हतं. मला वाटलं, झालं. मी कागद घ्यायला हात पुढे केला, तर म्हणाले, "थांब." आणि पुन्हा पेन टेकवून सहीखाली दोन टिंबं दिली. त्यातलं एक फार लांब पडलं.

मग हॉस्पिटलची माणसं त्यांना आत घेऊन गेली.