आमच्या साडूंचं आवरणं

चालू असलेली गोष्ट थांबवायला आमच्या साडूंइतका वेळ लावणारा माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. सुरुवात ते कशाचीही चटकन करतात. त्यांचं स्वतःचं लग्नसुद्धा बघण्यापासून अक्षतांपर्यंत महिन्याभरात उरकलं. पण थांबवायची वेळ आली की आपण घड्याळ काढून खिशात ठेवावं. टीव्हीवरच्या बातम्या मध्येच बंद केलेल्या त्यांना चालत नाहीत. निवेदिकेचं वाक्य पुरं झालं पाहिजे, आणि हल्लीच्या निवेदिकांचं वाक्य पुरं होत नाही. विमा विकायला फोन करणाऱ्या बाईंचं सगळं बोलणं ते ऐकून घेतात आणि 'नको' हे शेवटी सांगतात. एकदा अशाच एका बाईंनी कंटाळून स्वतःच फोन ठेवला, तर हे हळहळत मला म्हणाले, "बिचारीनं बोलनं अर्धंच ऱ्हायनं."

हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. पुण्यात एका कंपनीत बारा वर्षं कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहीत होते. मग नोकरी सोडून कळसाडीला घरच्या शेतीवर आले, असं आम्हां सगळ्यांना माहीत होतं. आल्या आल्या त्यांनी ऊस आणि पपईच्या ठिबकसाठी एक प्रोग्रॅम लिहिला आणि मळ्यातल्या खोलीत कॉम्प्युटर मांडला. मी शहाद्याला शाळेत मराठी शिकवतो. कॉम्प्युटर मला हजेरी भरण्यापुरता कळतो. तरी त्यांनी मला ते इतक्यांदा समजावलं आहे की आता मीही सांगू शकेन. शेताचे अकरा भाग, प्रत्येक भागाच्या पाण्याला एक व्हॉल्व्ह, आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सांभाळायला प्रोग्रॅममध्ये एक थ्रेड. थ्रेड म्हणजे प्रोग्रॅमच्या आत स्वतंत्रपणे चाललेलं एक काम. असे अकरा थ्रेड एकाच वेळी आपापलं बघत असतात. मळा सोडून कुठे जायचं तर साडू ते सगळे थांबवूनच निघतात, आणि थांबवायचे तर दोन रस्ते. एक, सगळ्यांना एका फटक्यात मारून टाकायचं. हा रस्ता साडूंनी आपल्यापुरता कायमचा बंद केला होता. दुसरा, सगळ्यांना दिसेल अशी 'थांब' म्हणून खूण करायची आणि वाट बघायची. हातातलं काम संपलं की प्रत्येक थ्रेड ती खूण बघतो, आपला पसारा आवरतो आणि मग जातो. तोवर पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढे अहिराणीत अक्षरं उमटतात, 'आवरी ऱ्हायनू', म्हणजे आवरतोय. काम झालं की 'आवरनं', म्हणजे आवरलं. अकरा वेळा 'आवरनं' उमटल्याशिवाय साडू खुर्चीवरून उठत नाहीत.

अक्कलकुव्याला माझ्या पुतणीचा साखरपुडा होता. गाडी मळ्याच्या बांधावर उभी, आत बायका नटून बसलेल्या, उन्हाने गजरे मान टाकायला लागलेले. मी खोलीत गेलो तर साडू इस्त्रीचे कपडे घालून पडद्यासमोर शांत बसलेले. "काय व्हयनं?" मी विचारलं. "नऊ नंबर आवरी ऱ्हायना," ते म्हणाले. पाच मिनिटांनी मी परत गेलो, तरी नऊ नंबर आवरतच होता. "त्याले जरा घाई करा ना," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जेवणाऱ्या माणसासमोरचं ताट उचलायला सांगितलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या आणि पंगत अर्धी उठली होती. माझी वहिनी अजून तो विषय काढते.

तेव्हा पुढे जे झालं त्यात माझा दोष असला तरी त्याआधी मी काय काय सोसलं होतं तेही वाचकांनी ध्यानात घ्यावं.

आमच्या सासूबाईंचा मोतिबिंदू काढायचा होता. नंदुरबारच्या डॉक्टरांनी अकराला बोलावलेलं, आणि साडेनऊला साडू खुर्चीत. सात थ्रेड आवरले होते, चार उरले होते. सासूबाई गाडीत बसून देवाचं नाव घेत होत्या. साडू पायाचा चिखल धुवायला बाहेर गेले, तेवढ्यात मी माउस हातात घेतला आणि तो प्रोग्रॅम बंद करून टाकला. शाळेच्या कॉम्प्युटरवर काही अडकलं की मी करतो तसाच, एका बटणात. साडू आत आले. पडदा रिकामा बघून त्यांनी विचारलं, "आवरनं?"

"आवरनं," मी म्हटलं.

त्यांनी विश्वास ठेवला. आम्ही डॉक्टरांकडे वेळेवर पोचलो आणि त्याचा मला अभिमानही वाटला. सासूबाईंना आत नेलं आणि पाचच मिनिटांत सुपडूभाऊचा फोन आला. सुपडूभाऊ हा साडूंचा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. मी ज्या क्षणी बटण दाबलं त्या क्षणी एका भागाचा व्हॉल्व्ह बंद झाला होता आणि दुसऱ्याचा उघडायचा होता. तो उघडणारा कुणी उरलाच नाही, आणि मोटार बंद करणाराही उरला नाही. सगळे व्हॉल्व्ह बंद, मोटार चालू. पाण्याचा जोर वाढत गेला आणि मोठ्या पाइपाचं टोकाचं बूच सुटलं. मोटार बंद करायला धावलेल्या सुपडूभाऊच्या कानाजवळून ते गेलं आणि खोलीच्या भिंतीत घुसलं. पपईची रोपं वाहून गेली ते वेगळंच.

साडू फोन ठेवून म्हणाले, "मन्हंच काही चुकनं."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण सासूबाईंचं ऑपरेशन चालू आहे, आता कशाला, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळा होती. तिसऱ्या दिवशी अक्काचा माझ्या बायकोला फोन आला, की हे जेवायलाही उठत नाहीत, सगळा प्रोग्रॅम कागदावर छापून ओळ ओळ तपासत बसलेत. चौथ्या दिवशी मी कळसाडीला गेलो आणि सांगून टाकलं.

त्यांनी ओळीवरचं पेन उचललं. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे प्रोग्रॅममा चूक नही?"

"नही."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "सुपडूभाऊले सांगं का?"

मी तसाच उसात गेलो आणि सुपडूभाऊलाही सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गुरुजी, पुढना येळे माले आधी सांगा. मी लांब उभा ऱ्हासू." एवढं ओशाळं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

परत आलो तर साडूंनी चहा सांगितला होता. रागावतील म्हणून मी वाट बघत होतो, तर ते पुण्याचं बोलायला लागले. नोकरी त्यांनी सोडलीच नव्हती. एका सकाळी डबा घेऊन कंपनीत गेले, कार्ड लावलं, तर दार उघडेना. पहारेकऱ्याने यादीत बघून त्यांना बाकावर बसवलं. थोड्या वेळाने टेबलावरच्या त्यांच्या वस्तू एका खोक्यात घालून कुणीतरी बाहेर आणून दिल्या.

"माले कामवरथून काढं, त्यानं काही नही," साडू म्हणाले. "पन हातमधलं आवरू देता ना. दोन दिनमा आवरतं."

अक्का दारात उभी होती. हे तिनेही पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण चहाचे कप तिच्या हातातच राहिले.

यंदा उन्हाळ्यात एका रविवारी मी पपया आणायला गेलो होतो, तेव्हा त्याच कंपनीतून फोन आला. जुन्या एका सहकाऱ्याने नंबर दिला म्हणून एक नवी मुलगी बोलत होती. त्यांचा एक जुना प्रोग्रॅम बंदच होत नव्हता. त्यातला एक थ्रेड काही केल्या थांबत नव्हता, आणि जबरदस्तीने मारला तर तो लिहीत असलेली फाइल खराब होणार होती. अक्का स्वयंपाकघरातून मला ऐकू येईल इतपत पुटपुटली, "ज्यासनी दार लाई लिधं, त्यासनंच काम करी ऱ्हायनात." मलाही तेच वाटत होतं.

साडूंनी स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला. "तो कशाची वाट बघतोय?" त्यांनी विचारलं.

"एका निरोपाची, सर. पण तो निरोप पाठवणारा भाग आम्ही मागेच काढून टाकला."

"मग तुम्हीच त्याला तसा निरोप पाठवा. जागा होईल. हातातलं लिहून पुरं करू द्या, आणि मग थांब म्हणा. घाई करू नका."

दोन तास लागले. अक्काने दोनदा जेवायला हाक मारली. शेवटी पलीकडून आवाज आला, "थांबला, सर. फाइल शाबूत आहे." मग ती मुलगी म्हणाली, "हे मुळात कुणी लिहिलं होतं, तुम्हाला ठाऊक आहे का? नाव कुठेच नाहीये."

साडूंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"होता एक जण."

"चांगलं लिहिलंय हो. फक्त शेवटचा भाग राहिलाय."

"हो," साडू म्हणाले. "राहून गेला त्याचा."

अक्काने ताटं वाढायला घेतली. जेवणं झाल्यावर साडू टोपली घेऊन मळ्यात गेले. मी चारच पपया मागितल्या होत्या. त्यांनी एकेक हाताने दाबून पाहत, निवडून निवडून, गाडीत मावेनात इतक्या दिल्या.