मुदत संपलेला ॲडमिन

“अक्का, पातेलं हाललं का?” शाळेच्या गेटाला पाठ लावून तो ओरडला. बाहेरून आईबाप गेट ढकलत होते. गेट आत उघडायचं, आणि आत गेटाला चिकटूनच लेकरं दाटली होती.

“न्हाई हाललं!” मी शेडमधून ओरडले. वरणाचं पातेलं चुलीवर शांत होतं. पण बाहेर ऐकतो कोण? सगळ्यांच्या मोबाइलवर आलं होतं, एक वाजता मोठा धक्का बसणार.

आमचं गाव किल्लारीजवळचं. भूकंपात माणूस गेलं नाही असं घर इथे नाही. जमीन अजूनही अधूनमधून गुडगुडते. असला मेसेज आला की लोक विचार करत नाहीत, पळतात.

गेट धरणारा तो पूर्वी शाळेत शिपाई होता, मी तिथेच खिचडी शिजवायचे. रिटायर झाल्यावर लोकांनी त्याला गावाच्या ग्रुपचा ॲडमिन केलं. नियम त्यानेच घातला. दर दसऱ्याला निवडणूक. ज्याला व्हायचंय त्याने नाव टाकायचं, संध्याकाळपर्यंत ज्याच्या नावाखाली जास्त अंगठे, तो वर्षभर ॲडमिन. तीन वर्षं त्याच्यासमोर कोणी उभंच राहिलं नाही. फुकटची कटकट कोणाला हवी?

तो मात्र पगार असल्यासारखा राबला. भूकंपाचा मेसेज दिसला की टाकणाऱ्याला फोन. “तू सोता बघितलास का? न्हाई ना? मग काढायलोय मी.” त्याआधी मला फोन, पातेल्याची चौकशी.

“माझं पातेलं काय सरकारी मशीन हाय का?” मी चिडायचे.

“त्याच्याहून बरं हाय, अक्का.”

तुमच्याही ग्रुपात असा एखादा असेल, आणि तुम्हालाही त्याचा राग येत असेल. त्याने पुढाऱ्याचे वाढदिवसाचे बॅनर काढले, सकाळची फुलं काढली. मी गुडघेदुखीवरचा पाला टाकला, तोही काढला. “डॉक्टरला इचारलंव का?” म्हणे.

चौथ्या दसऱ्याला एक दुकानदार उभा राहिला. त्याचं एकच वचन होतं, कोणाचाही मेसेज काढणार नाही. तो दणक्यात निवडून आला. माझाही अंगठा त्यालाच होता, त्या पाल्यापायी. तेव्हा शिव्या द्यायचा हक्क मला नाही. तरी देते.

“मुदत संपली, अक्का. लई हलकं वाटायलंय,” तो हसत म्हणाला होता.

दोन आठवडेही झाले नाहीत तोच तो एक वाजताच्या धक्क्याचा मेसेज आला. रिटायर झाला तरी सवयीने हा माझ्या शेडसमोरच बसला होता. त्याने दुकानदाराला फोन लावला.

“शेठ, तेवढं काढा. लोकं पळतील.”

“मामा, खरं निघालं तर? अन् लोकांनी मला काढायला निवडलं न्हाई.” फोन बंद झाला.

तोवर पहिला ट्रॅक्टर गेटाशी आला होता. मास्तर लेकरांना मागे ओढत होते, पण लेकरांना बाहेर आया दिसत होत्या. तो धावला आणि गेटाला पाठ लावली. शेवटचं लेकरू मागे सरेपर्यंत त्याने गेट धरलं. मग पाय घसरला, आणि गेटाने त्याला भिंतीशी चेपलं.

एक वाजला, दोन वाजले. काहीही हाललं नाही.

लातूरच्या दवाखान्यात आठव्या दिवशी तो गेला. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले, फुलं टाकली. भूकंपाचा मेसेज कोणी काढला नाही. वर बोट सरकवलं तर आजही दिसतो.

मी दुकानात जाऊन चार माणसांसमोर दुकानदाराला म्हटलं, “उतर आता.”

“वर्षाची मुदत हाय, आजी,” तो तराजूवरून मान वर न करता म्हणाला. “नियम मामांचाच हाय.”

गेटामागे बावीस लेकरं होती. बावीसही जगली. त्यातली एक या दुकानदाराची मुलगी आहे. तिसरीत शिकते.