ऊन झऱ्याची गळती

गेल्या हिवाळ्यात मी आमच्या गावचा ऊन पाण्याचा झरा सिमेंटनं बुजवला.

चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव. मी राहतो जळगावला, पिंप्राळ्यात. गळती बंद करायच्या सामानाचं दुकान आहे. त्यामुळे गावानं झऱ्याच्या कुंडाची डागडुजी काढली तेव्हा जाणकार म्हणून मला बोलावणं आलं. जाणकार म्हटलं की मी जेवणही विसरतो. लगेच निघालो.

कुंडात पाणी गुडघ्याइतकंच उरलं होतं. गोमुख तर माझ्या जन्माआधीपासून कोरडं. मंडळींनी मोटार लावून पाणी ओढलं, गाळ उपसला, कुणा दात्यानं बसवलेल्या, न्हाणीघरात असतात तसल्या निळ्या फरशा उचकटल्या. खाली चुना निघाला आणि चुन्याखाली काळा घडीव दगड. सांधे इतके घट्ट की पोस्टकार्डही आत जाऊ नये. फक्त तळाशी दोन दगडांत तळहाताएवढी फट होती आणि उरल्यासुरल्या गढूळ पाण्यात तिथं बुडबुडे येत होते.

"हवा वर येतेय, म्हणजे पाणी खाली जातंय," मी जाहीर केलं. "कुंड गळतंय ते इथंच."

तिथं उभं राहिलं की पायाला चटका बसायचा. दगड उन्हानं तापला असेल, असं मी ठरवलं. सकाळचे नऊ वाजले होते आणि माझ्या अंगात स्वेटर होता.

आत्या पायरीवर बसून बघत होती. थंडीत तिची बोटं आखडतात. रोज पहाटे या पाण्यात हात धरून बसते, तेव्हा कुठे कळण्याची भाकरी थापता येते. ती म्हणाली, "हाई झाय का मन्हा घर ये. पत्रा गळस."

"उद्याच बघतो, आत्या," मी म्हणालो आणि फटीत गळती बंद करायचा सिमेंटचा मसाला भरला. वाहत्या पाण्यातही आवळतो, असं मी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगत आलोय. इतकं खरं ठरेल असं मलाही वाटलं नव्हतं.

रात्रीत कुंड भरलं असणार, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे आत्याच्या मागोमाग मीही कौतुक करून घ्यायला गेलो. पायऱ्या स्वच्छ, दगड लख्ख, आणि आत थेंब नाही. आत्या खाली उतरली. तळाच्या दगडावर दोन्ही हात टेकून तशीच बसून राहिली.

"बठ्ठं कोरडं शे," ती म्हणाली. "तू काय करं रे भाऊ?"

मी शेजारी हात ठेवला. दगड ऊन होता. पाणी माझ्या मसाल्याच्या खाली येऊन थांबलं होतं. दगड घडवणाऱ्यांनी ती फट ठेवली, चुनेवाल्यांनी ठेवली, निळ्या फरशीवाल्या दात्यानंसुद्धा तेवढी जागा सोडून फरशी बसवली होती. झरा तिथूनच येतो हे त्या सगळ्यांना कळलं होतं. जाणकार म्हणून आलेला मी पहिलाच.

मग छिन्नी-हातोडा घेऊन बसलो. मसाला हटेना. जोरात घाव घालावा तर जुना दगड फुटेल. घासत, टोचत, माझ्याच मालाला शिव्या देत दुपार उलटली. आत्या घरी गेली नाही. दोन्ही हात पदरात गुंडाळून माझ्यासमोर बसून होती. मला तिच्याकडे बघवेना.

अखेर एक कपचा निघाला आणि खालून करंगळीएवढी धार उसळली. वाफ निघत होती. मी हातानं चुरा बाजूला सारत पुढचा कपचा टोचायला लागलो. फट पुरती मोकळी झाली तेव्हा उन्हं उतरली होती. आत्यानं हात पाण्यात धरले. बऱ्याच वेळानं तिची बोटं एकेक करून उघडायला लागली.

"आत्या, आता चल," मी म्हणालो, "तुझा पत्रा बघून टाकतो."

तिनं हात पाण्यातून काढलेच नाहीत.

"गळस तर गळू दे," ती म्हणाली. "तू नको येऊ."