टाईपबाईंचा कीबोर्ड

चार पडदे, चार कीबोर्ड आणि कॉम्प्युटर मात्र एकच! टेबलाखाली लिनक्सवर चालणारा एक डबा, त्यातून चौघांकडे वायरी. मालकांचा कंजूषपणा, दुसरं काय! टाईपबाईंना त्या टायपिंगच्या दुकानाचा वीट आला होता, आणि मालकांच्या भाच्याची तर शिसारीच. तो शेजारीच बसायचा. खरकट्या, तेलकट बोटांनी तसाच बटणं बडवायचा. शी! त्याला बाईंच्या वस्तूंना हात लावायचीही खोड, म्हणून बाई स्वतःचा कीबोर्ड घरून आणायच्या आणि संध्याकाळी परत न्यायच्या.

महिनाअखेरीस एक खुर्ची कमी होणार होती. मालकांनी वकिलांचा बारा पानी दावा बाई आणि भाचा, दोघांच्याही हातात दिला. म्हणाले, "ज्याचा आधी आणि बिनचूक, तो राहील."

बाई मनात हसल्या. तीस वर्षांचा हात त्यांचा! नजर कागदावर, बोटं बटणांवर. पडद्याकडे त्या ढुंकूनही बघत नसत.

तिथंच घात झाला. सकाळी बाई कीबोर्ड जोडून चहाला गेल्या, तेवढ्यात झाडणाऱ्या मावशींनी टेबल पुसताना वायरी उपटल्या आणि दिसेल त्या भोकात खुपसल्या. कुठला कीबोर्ड कुठल्या पडद्यावर लिहिणार, ते त्या भोकावर ठरायचं. बाईंचं भोक भाच्याच्या वाट्याला आलं, भाच्याचं बाईंच्या.

अकरा पानं झाली आणि मागून मालक ओरडले, "वा रे पठ्ठ्या! एक चूक नाही!"

बाईंनी मान वर केली. त्यांच्या पडद्यावर दोन ओळी, त्यात सहा चुका. भाच्याच्या पडद्यावर दाव्याची अकरा पानं, आणि भाचा हाताची घडी घालून बसलेला. आयत्या बिळावर नागोबा!

"अहो, ते माझं आहे. हे बघा." बाईंनी एक बटण दाबलं. अक्षर उमटलं भाच्याच्या पडद्यावर.

मालकांनी ते डोळ्यांनी पाहिलं, आणि भाच्याकडे बघून खाकरले. "जाऊ द्या हो बाई. डबा तर एकच ना? घरचा मुलगा आहे, राहू दे त्याला."

भाच्यानं बोटं चाटली.

बाईंनी आपली वायर उपटली, कीबोर्डभोवती गुंडाळली आणि पिशवीत घातली. दारात वकील दावा न्यायला उभे होते, घड्याळ बघत.

"बाई, अहो, बारावं पान?" मालक घाबरून म्हणाले.

"भाच्याला सांगा," बाई चपला घालत म्हणाल्या. "पहिली अकरा त्यानंच केलीत ना!"