येरोची कोंबडी

मेलेल्या माणसाची नक्कल येरो सांगारेइतकी आमच्या गावात कुणालाच जमली नाही. आम्ही बोबो, शेतीवाले. तो फुलानी, गुरांमागे हिंडणारा. या दोन जमातींत चेष्टेचं नातं पूर्वापार. बोबो मेला की फुलान्याने त्याची टोपी घालून त्याच्यासारखं चालायचं आणि त्याच्यासाठी खणलेल्या खड्ड्यात जाऊन आडवं व्हायचं. घरच्यांनी हसत कोंबडी द्यायची, हात धरून त्याला वर काढायचं, मगच माती. येरोने चाळीस वर्षं हे केलं. माझ्या बापाचं लंगडणं त्याने असं हुबेहूब केलं, की आई रडता रडता हसायला लागली.

"दूधपित्या, तुला गायच बायको!" आई त्याला म्हणायची.

"आणि तुला ज्वारीची दारू नवरा. मर लवकर म्हातारे, तुझा खोकला पाठ करून ठेवलाय."

"तू आधी मर. तुझ्या मयताला नाचतेच बघ!"

मग बंदूकवाले आले. त्यांच्यात काही फुलानी पोरं होती, तेवढ्यावरून गावाने सगळ्याच फुलान्यांना त्यांच्यात धरलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं. विहिरीवर येरोच्या बायकोला कुणी दोर देईना. त्यातच माझा भाऊ लासिना शेतावरून येताना बंदूकवाल्यांच्या गोळीने मेला.

तरी येरो आला. कशाला आला, देव जाणे. लासिनाची टोपी घातली, त्याच्यासारखी मान तिरकी करून चालला आणि खड्ड्यात आडवा झाला. "कोंबडी आणा! नाहीतर मी इथेच झोपतो. लासिनाला जागा कशाला, तो कधी घरी टिकला?"

कुणी हसलं नाही. काका फावडं घेऊन खड्ड्याच्या कडेला उभा राहिला. कोंबडी माझ्या काखेत होती. ती द्यायचं काम बहिणीचं. लहानपणी लासिनाला येरोने खांद्यावर मिरवलं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी जागची हलले नाही. भित्री मी, दुसरं काय!

शेवटी तो एकटाच धडपडत वर आला. टोपी झटकून माझ्या पायाशी ठेवली. "राहू दे, पोरी," म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याचं खोपट रिकामं होतं.

पावसाळ्याआधी आई अंथरुणाला खिळली. खोकत एकच विचारायची, "येरो आला का गं?"

"येतोय," मी म्हणायचे.

ती गेली, तेव्हा तीच कोंबडी काखेत घेऊन मी खड्ड्याशी उभी राहिले. आत कुणी उतरलं नाही.

"लोटू का माती?" काकाने विचारलं.

मी हो म्हटलं.